फॉर्ममध्ये नसलेला चेहरा

आपल्यापैकी बहुतेकांचं शिक्षण एका रकान्यापासून सुरू झालं. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर लिहिलेली जात, तहसीलमध्ये मारलेले हेलपाटे, जातीचं प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा फॉर्म. ‘प्रवर्ग’ या शब्दापुढचा चौकोन भरता आला म्हणून आपण कॉलेजच्या दारातून आत आलो. रायपूरमधल्या मराठी बौद्ध घरांत तर एक तारीख पोरासोरांनाही पाठ असते: १० ऑगस्ट १९५०. कुटुंब त्या तारखेच्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा असेल, तरच छत्तीसगडचं अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र मिळतं. माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत गँगमन होते. त्यांचा एक जुना कागद पेटीत सापडला, म्हणून मी आज समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. शेजारच्या घरातल्या आजोबांचा कागद सापडला नाही. त्यांची नात शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती, ती बारावीनंतर थांबली.

म्हणून कागद, रकाना, प्रवर्ग या गोष्टींकडे आपल्याला तुच्छतेने बघता येत नाही. ज्याची नोंद नाही त्याचा हक्क नाही, हे आपण घरातच शिकलो. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी वेगळं प्रतिनिधित्व मागितलं. इतरांच्या बेरजेत आमचा समाज विरघळवू नका, आमचा हिशेब वेगळा मांडा, हा त्यामागचा आग्रह पुढे आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिला. तोच आग्रह धरून मला एका आजाराबद्दल बोलायचं आहे. त्यात मेलेल्यांची मोजदाद अर्धवट झाली आणि वाचलेल्यांची तर कोणी केलीच नाही.

म्युकरमायकोसिस. २०२१ च्या उन्हाळ्यात टीव्हीवाल्यांनी त्याला ‘ब्लॅक फंगस’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. ही बुरशी मुळात काळी नसते. तिचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या अन्नावर असतात आणि तुम्ही-मी सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांना तिथल्या तिथे संपवतात. पण रक्तातली साखर बेसुमार वाढलेली असेल, कॅन्सरची औषधं चालू असतील, मूत्रपिंड बदललेलं असेल किंवा स्टेरॉइडचा मारा झाला असेल, तर शरीराचा पहारा ढिला पडतो. मग बुरशी नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत रुजते आणि रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. ज्या मांसाला रक्त पोचत नाही ते मरतं आणि काळं पडतं. ‘ब्लॅक’ म्हणतात ते या मेलेल्या मांसाला. तिथून वर डोळा आणि डोळ्यामागे मेंदू. मेलेल्या भागात रक्तच जात नसल्यामुळे औषधही पोचत नाही, म्हणून सर्जनला तो भाग कापून काढावा लागतो. कधी टाळू, कधी वरचा जबडा, कधी डोळा.

हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. तरी त्या दिवसांत ‘हा घाणीचा आजार आहे’ ही समजूत झपाट्याने पसरली. मळका मास्क, ओलसर खोली, अस्वच्छ राहणी, असं बरंच काही व्हॉट्सॲपवर फिरलं. ‘घाण’ हा शब्द उच्चारला की आपल्या समाजात बोट कुठल्या वस्तीकडे वळतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. ज्यांच्या घरात हा आजार शिरला त्यांना उपचाराआधी आपल्या स्वच्छतेचा खुलासा द्यावा लागला.

सरकारी आकडे मात्र वेगळं सांगत होते. ७ जून २०२१ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार देशात तोवर २८,२५२ रुग्ण सापडले होते. त्यांतल्या ८६ टक्क्यांना कोविड होऊन गेला होता आणि ६२ टक्क्यांना मधुमेह होता. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते, त्यानंतर गुजरातमध्ये. जुलैमध्ये संसदेत सांगितलेला आकडा ४५ हजारांच्या पुढे गेला आणि मृत्यू ४,३०० हून अधिक. म्हणजे बुरशीला दार उघडून दिलं ते प्रामुख्याने साखरेने आणि स्टेरॉइडने. मग प्रश्न असा पडतो की कोणाची साखर वेळेवर तपासली गेली आणि कोणाच्या हाती स्टेरॉइड डॉक्टरविना पडलं?

मधुमेह हा खात्यापित्या घरांचा आजार, असं आपण अजून बोलतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष काही वेगळेच आहेत. अधिक संपन्न राज्यांच्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण आता गरीब थरात जास्त आढळलं. शिवाय मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं. स्टेरॉइडचंही तसंच. डेक्सामेथासोनने ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांचे जीव वाचतात, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं. त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीही फायदा दिसला नाही. हा फरक बघायला रुग्णाजवळ डॉक्टर लागतो, ऑक्सिमीटर लागतो, रोज साखर मोजणारी नर्स लागते. आपल्या वस्तीत यांच्या जागी मेडिकलवाला होता.

माझे मामा गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातले. कामासाठी रायपूरला आले आणि सिलतरा औद्योगिक क्षेत्रात एका ठेकेदाराकडे लागले. ९ एप्रिल २०२१ ला रायपूरमध्ये लॉकडाऊन लागला, त्याच आठवड्यात त्यांना ताप आला. बेड कुठेच नव्हते. कोणाच्या तरी फोनवरून आलेली औषधांची चिठ्ठी मामींनी मेडिकलमध्ये दाखवली. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या, त्या मामांनी पंधरा दिवस घेतल्या. साखर आयुष्यात कधी तपासलेली नव्हती. ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. मे महिन्यात दाढ दुखायला लागली, गाल बधिर झाला. दाढेचंच दुखणं समजून आठवडा गेला. मग डोळा सुजला आणि एकाचे दोन दिसू लागले. सरकारी रुग्णालयात नेलं तेव्हा साखर ४०० च्या वर होती. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला, त्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. उजवा डोळा आणि वरच्या जबड्याचा उजवा भाग मात्र गेला.

या आजाराचं मुख्य औषध म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी. याचा जुना, स्वस्त प्रकारही मिळतो, पण तो मूत्रपिंडाला जास्त इजा करतो. नेहमीचा डोस दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमची सहा इंजेक्शनं, रोज, काही आठवडे. पुढे पोसाकोनाझोलच्या गोळ्या वेगळ्या. मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने ॲम्फोटेरिसिन-बीचं इमल्शन इंजेक्शन १,२०० रुपयांत द्यायचं ठरवलं. बाजारात एका इंजेक्शनला सात हजारांपर्यंत मोजावे लागत असल्याचं तेव्हा जाहीरपणे सांगितलं गेलं. सात हजारांच्या दराने सहा इंजेक्शनं म्हणजे दिवसाला ४२,००० रुपये. त्या वर्षी छत्तीसगडमध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला १९३ रुपये होती. एका दिवसाच्या औषधासाठी जवळपास २१८ दिवसांची मजुरी, आणि हमी होती वर्षाला १०० दिवसांची. वर्ध्याच्या दराने हिशेब केला तरी एका दिवसाच्या औषधाला ३७ दिवस राबावं लागतं.

अर्थात योजना होत्या. महाराष्ट्राने मे २०२१ मध्येच हा आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला. छत्तीसगडमध्ये डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना होती, तिच्यात प्राधान्य आणि अंत्योदय रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत आणि बाकीच्या कार्डधारकांना पन्नास हजारांपर्यंत उपचार मिळत. इथे पुन्हा रकाना आला. मामांचं रेशनकार्ड तिरोड्याचं, नाक-डोळा सडत होता रायपूरमध्ये, आणि मधल्या वाटेवर लॉकडाऊन. महाराष्ट्राच्या योजनेसाठी ते चुकीच्या राज्यात होते आणि छत्तीसगडच्या योजनेसाठी चुकीच्या राज्याचे. सरकारी रुग्णालयात इंजेक्शनं मिळाली म्हणून ते वाचले. बाहेरून केलेला एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, नंतरच्या गोळ्या यांत मामींचं मंगळसूत्र आणि गावाकडची अर्धा एकर जमीन गेली.

पण मला खरं बोलायचं आहे ते यानंतरचं. ज्या दिवशी मामांना सुट्टी मिळाली, त्या दिवसापासून सरकारी हिशेबात ते ‘बरे झालेले’ आहेत. टाळूला भोक राहिलं की पाणी पिताना नाकातून येतं, भात नाकात जातो आणि बोललेलं समोरच्याला कळत नाही. टाळू झाकणारी एक प्लेट दंतवैद्य बनवून देतात, तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ती सैल होते, बदलावी लागते. खोबणीसकट डोळा काढलेला असेल तर नेहमीचा काचेचा डोळा बसत नाही, चष्म्याला जोडलेला कृत्रिम भाग करून घ्यावा लागतो. ठेकेदाराने मामांना परत कामावर घेतलं नाही. ‘बाकीची माणसं घाबरतात’ एवढंच कारण सांगितलं. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते. आमच्या जातीच्या माणसाला रिकामी राहणारी शेजारची जागा काही नवी नाही, पण आता ती जात न विचारताच रिकामी राहते.

मामा अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेले. मंडळाने एका डोळ्याचे ३० टक्के लिहून दिले. नियमानुसार ते बरोबरच होतं. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात. नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याच सवलती सुरू होतात ४० टक्क्यांपासून. जबड्याचं काय, असं माझ्या मामेबहिणीने विचारलं. ती बी.एस्सी. झालेली आहे, घरात ती पहिलीच. ‘त्याचा कॉलम नाही,’ असं उत्तर मिळालं.

आपण तो कायदा उघडून बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. चेहऱ्याच्या विरूपतेची स्वतंत्र नोंद फक्त ॲसिड हल्ला झालेल्यांसाठी आहे. ती मोठ्या लढ्यातून मिळाली आणि ती असायलाच हवी. वाचेच्या अपंगत्वाचा प्रकारही आहे. त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढलेल्यांचं उदाहरण दिलेलं आहे, जबडा काढलेल्यांचं नाही. तर्क लढवला तर जबडा गेलेला माणूस तिथे बसू शकतो. दोन अपंगत्वं एकत्र धरण्याचं सूत्रही आहे, त्याने ३० टक्क्यांचा आकडा वर जाऊ शकतो. पण नाकातून बोलणाऱ्या मजुराने मंडळापुढे हा तर्क मांडायचा कसा?

आणि तरी याच कायद्यात एक दार उघडं आहे. ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ हा त्यातला एक प्रवर्ग. रोग बरा झाला, पण बधिरपणा किंवा विरूपता मागे राहिली, अशा माणसाला कायदा अपंग मानतो आणि नोकरीतल्या आरक्षणातही धरतो. म्हणजे ‘जंतू मेले, आता तू बरा झालास’ एवढ्यावर कायदा थांबत नाही. आजार गेल्यावर शरीरावर आणि समाजाच्या नजरेत जे उरतं, तेही अपंगत्वच, हे तत्त्व त्याने मान्य केलेलं आहे. म्युकरमायकोसिसमधून वाचलेल्यांसाठी याच तत्त्वाचा विस्तार करायला संसदेत दुरुस्तीही लागणार नाही. कायद्याच्या अनुसूचीच्या शेवटी लिहिलेलं आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी कोणताही प्रवर्ग जोडू शकतं. लागते ती एक अधिसूचना, आणि ती काढायला लावणारा रेटा.

‘असं प्रत्येक आजाराला वेगळा रकाना देत बसायचं का?’ हा आक्षेप येणार. आपल्याला तो ओळखीचा आहे. प्रत्येक जातीला वेगळं आरक्षण द्यायचं का, असं विचारणारा आवाज हाच. यावर माझं म्हणणं असं की रकाना आजाराच्या नावाने नकोच. कोणत्याही आजाराने किंवा शस्त्रक्रियेने चेहऱ्याचा भाग गेला, खाणं-बोलणं अडलं, काम नाकारलं गेलं, तर त्याची मोजणी व्हावी. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर होऊन जबडा गमावलेली माणसं विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये घरोघर सापडतील, त्यांनाही तो लागू पडेल. रकान्याने सगळं मिळत नाही, हेही खरं. सिकलसेलचा समावेश याच २०१६ च्या कायद्यात झाला. गोंदियापासून रायपूरपर्यंतच्या आपल्या माणसांसाठी ती मोठी गोष्ट होती. पण नोकरीतल्या आरक्षणाच्या यादीत सिकलसेल अजूनही नाही. तरी प्रमाणपत्र हातात असलेला माणूस पुढचं भांडण भांडू शकतो. प्रमाणपत्र नसलेल्याला भांडायला उभं राहायलाच जागा नसते.

मेलेल्यांच्या बाबतीतही रकान्याने घात केला. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी कोविडमृतांच्या कुटुंबांना मदत देण्याचा आदेश दिला. पुढे ५०,००० रुपये ठरले. पण सप्टेंबरमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणीपासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा, किंवा माणूस तेव्हापासून सलग रुग्णालयातच असेल तर त्यानंतरचाही. म्युकरमायकोसिसची गत अशी की कोविड बरा होतो, माणूस घरी जातो आणि काही आठवड्यांनी गाल सुजतो. असा माणूस पन्नासाव्या दिवशी गेला तर त्याच्या मृत्यूचं कारण बुरशी. कोविडच्या रकान्यात तो बसत नाही, आणि बुरशीने मेलेल्यांसाठी मदत ठेवलेली नाही.

शेवटचा रकाना जातीचा. त्या वर्षी जाहीर झालेल्या आकड्यांत राज्य होतं, कोविडचा इतिहास होता, मधुमेह होता. जात नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जातीचे प्रवर्ग असतात, म्हणून तर लसीकरण, कुपोषण, रक्तक्षय यांत जातीनुसार किती अंतर आहे ते आपल्याला पुराव्यानिशी दाखवता येतं. साथीच्या नोंदीत ती सोय ठेवलेली नव्हती. त्यामुळे ‘ही बुरशी काय जात बघून लागली का?’ असं विचारणाऱ्याला आज आपण आकड्याने उत्तर देऊ शकत नाही. बुरशी जात बघत नाहीच. साखर तपासायला कोण पोचतं, ताप अंगावर काढून कामावर कोण जातं, रेशनकार्ड कोणत्या राज्याचं असतं आणि जबडा गेल्यावर कोणाकडे विकायला जमीन उरते, हे मात्र जात ठरवते.

रायपूरमधल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला बाबासाहेबांचं नाव आहे. लोक त्याला मेकाहारा म्हणतात. महाराष्ट्रातल्या आरोग्य योजनेला जोतिरावांचं नाव आहे. नावं आपल्या माणसांची आहेत, याचा आनंद आहेच. आता त्या नावांखालच्या फायलींमध्ये आपल्या माणसांची नोंद करून घ्यायची जबाबदारी आपल्यावर आली आहे, कारण त्या फायली वाचता येणारी आपली पहिली पिढी आपण आहोत.

म्हणून तीन कामं सुचवते. पहिलं वस्तीतलं. हा आजार कोविडबरोबर संपलेला नाही. कोविडच्या आधीही भारतात तो इतर देशांच्या अनेक पटींनी होता आणि आजही साखर वाढलेल्या माणसाला होतो. एका बाजूचा गाल बधिर होणं, नाकातून काळसर स्राव, दात अचानक हलणं, एकाचे दोन दिसणं, पापणी उघडेनाशी होणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. आणि घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर वर्षातून एकदा. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत तपासतात.

दुसरं काम मंडळापुढचं. तुमच्या ओळखीत डोळा किंवा जबडा गमावलेलं कोणी असेल तर त्यांना एकटं पाठवू नका. डोळ्याबरोबर वाचेचं मूल्यमापनही करून द्या, असा लेखी अर्ज सोबत न्या. नकार मिळाला तर तो लेखी मागा. कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. मामेबहिणीने आणि मी मिळून तो अर्ज लिहिला आहे आणि अपील दाखल केलं आहे. निकाल अजून आलेला नाही.

तिसरं काम माहितीचं. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात २०२१ पासून किती रुग्णांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला, आणि त्यांतल्या किती जणांना अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, एवढे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. नावं नकोत, फक्त संख्या. दहा जिल्ह्यांतल्या दहा पदवीधरांनी हे केलं तरी अधिसूचनेच्या मागणीला लावायला आपल्याकडे एक तक्ता तयार होईल. त्या तक्त्यात जातीचा रकाना आपण सुरुवातीपासून ठेवू. रुग्णालय तो भरून देणार नाही. तो घरोघर जाऊन, माणसांना विचारून आणि त्यांची परवानगी घेऊन आपल्यालाच भरावा लागेल.